मिठाला झालेला उशीर

लतीफा आपा आल्या, पण सलाम-दुआ करायला थांबल्या नाहीत. पिशवी ओट्यावर ठेवली, बुरखा काढून अनमच्या हातात दिला, आणि नाक वर करून दोनदा हवा हुंगली.

"कुठं हाय?"

अनमच्या आईनं, फरहानं, मागच्या अंगणाकडं बोट दाखवलं. अनसिंगहून वाशीम, वाशीमहून कारंजा, दोन एसट्या बदलून आलेली अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. तिला आधी पाणी विचारायला हवं होतं. पण आपांच्या पुढं फरहाचं तोंड नेहमीच अर्धं उघडायचं. आणि आज तर तिला आपा आल्याच नसत्या तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, बाजेवर बकऱ्याचं कातडं पसरलेलं होतं. तपकिरी-पांढरं, कबरं. ईदेच्या आधी चार महिने अनमनं या बकऱ्याला स्वतःच्या हातानं पाला खाऊ घातला होता. फरहाचे सासरे, अनमचे दादा, शफीक अब्बा बाजेशेजारी स्टुलावर बसले होते, मांडीवर ती जुनी वही. बहिणीला पाहून ते उठले आणि वही पाठीमागं धरली. शाळेत तीस वर्षं मुलांच्या हातातली गोष्टींची पुस्तकं पकडणारा माणूस आज स्वतःच पकडला गेल्यासारखा दिसत होता.

"आपा, तू कायले त्रास घेतला?"

"तू बलावलं नाई म्हनून," आपा म्हणाल्या. "अनमनं फोन केला. दादा जेवून नाई राह्यले म्हने. कातडं बिघडलं म्हने. अन तू मले इचारलं का? नाई. तुह्यापाशी वही हाय ना."

वही आणि रापी, वडिलांच्या या दोन वस्तूंची वाटणी त्यांच्या जाण्यानंतर झाली तेव्हापासून हे बोलणं या घरात अधूनमधून व्हायचंच. वही शफीककडं राहिली, कारण लिहिता त्यालाच यायचं. कातडं खरवडायची रापी लतीफानं उचलली, कारण ती चालवायची तीच. दब्बागाच्या, कातडी कमावणाऱ्याच्या घरचा मुलगा, पण शफीकला लहानपणी वासानं उलटी व्हायची. तो दाराआड बसून बाप बोलेल ते लिहून घ्यायचा.

धंदा तर कधीचाच संपला होता. उरली होती ती एक रीत. घरची मुलगी निकाह होऊन निघाली की तिच्या सामानात नमाज पढायचा मुसल्ला असायचा, आणि तो घरच्याच कुर्बानीच्या बकऱ्याच्या कातड्याचा. केसांसकट कमावलेला. घरीच कमावलेला. कुर्बानीचं कातडं विकून पैसा घ्यायचा नसतो. घरात वापरा नाहीतर खैरात करा. म्हणून दुसरं विकत आणून बदलायचंही नाही, असं अब्बांचे वडील सांगायचे. जो बकरा कुर्बान झाला त्याचंच कातडं. एक बिघडलं की बिघडलं.

ईद होऊन नऊ दिवस झाले होते. अनमचा निकाह पुढच्या रविवारी, मोहरम लागायच्या आत. मध्ये उरले होते सात दिवस.

आपा बाजेजवळ खाली बसल्या. कातड्याला आधी हात लावला नाही, नुसतं पाहिलं. मग एक कोपरा उचलून दुमडला. कडाड असा आवाज झाला. जुनी पत्रावळ मोडावी तसा.

"वाळवलं कुठं?"

"टिनावर," अब्बा हळूच म्हणाले. "लवकर व्हावं म्हनून."

"टिनावर! या उन्हात! अरे, तिथं पापड टाकले तर ते बी करपतात." आपांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली रापी काढली, मानेकडच्या कडेची एक बोटभर पट्टी कापली आणि ती कापलेली बाजू सगळ्यांना दिसेल अशी धरली. दोन्ही कडांना तपकिरी रंग, आणि मधोमध पांढरी रेघ.

"दिसली? वरून शिजलं, आत कच्चं. बाभळीच्या सालीचा काढा पहिल्याच दिवशी दाट टाकला असंल. सांग, टाकला ना?"

"दिवस कमी होते, आपा."

"भाकर मोठ्या जाळावर टाकली तं अशीच होते. बाहेरून काळी, आतून पीठ. काढा आधी पातळ, चहासारखा. मंग रोज थोडा दाट. हे नाई लिहेल वहीत?"

अब्बांनी वही उघडली, चाळली, बंद केली. "लिहेल हाय," ते म्हणाले. "पण मी म्हटलं..."

तेवढ्यात हसनैन दुकानातून जेवायला आला. फरहाचा नवरा, बाजारात त्याचं चपलांचं दुकान. फुफीला, आपल्या आत्याला, सलाम करून त्यानं कातड्याकडं एक नजर टाकली आणि जे चार दिवसांपासून घरात म्हणत होता तेच पुन्हा म्हणाला.

"फुफी, तुमीच समजावा अब्बाले. बाजारात मखमलीचे मुसल्ले येऊन राह्यले, इतके नरम का पाय रुतते. मी दोन आनतो. पोरीच्या सासरचे लोक येतीन अन मागून हा वास येईन, बरं दिसते का?"

"तुह्या दुकानातल्या चपला कशाच्या रे?"

"रेग्झीनच्या."

"मंग चामड्याच्या गोष्टीत तोंड कायले घालतं?"

अनम खुदकन हसली. हसनैननं बायकोकडं पाहिलं. चार दिवसांपासून ती त्याच्याच बाजूची होती. "फरहा, तू सांग ना."

फरहा म्हणाली, "टाकून द्यावं असं मले बी वाटते, आपा. पुरून टाकू कुठं तरी. अब्बाची तब्येत खराब होऊन राह्यली याच्यापायी."

हे खरं होतं, पण अर्धंच. दुसरं अर्धं तिच्या पोटात होतं, आणि ते कातड्याबरोबरच पुरलं गेलं असतं तर तिला रात्री झोप लागली असती.

आपांनी कातडं उलटलं, केसांची बाजू वर केली. मानेच्या थोडं खाली केस गेले होते. तळहाताएवढं टक्कल. बाजूला अजून दोन, नखाएवढी. अनम बाजूला बसून तिथले सैल केस चिमटीनं काढू लागली, तसा आपांनी तिच्या हातावर चापटी मारली.

"ओढू नको. गेलं ते गेलं. राह्यलं ते धरून ठेवायचं हाय."

मग त्यांनी टकलाच्या खालची, आतल्या बाजूची जागा अंगठ्यानं दाबली. घासली. अंगठा नाकाशी नेला. परत दाबली. फरहाच्या पायाखालची फरशी तापली होती, तरी ती चप्पल घालायला हलली नाही.

"हे उन्हानं नाई झालं," आपा म्हणाल्या. "सालीनं बी नाई. हे पहिल्या दिवशीचं हाय."

"माह्यंच चुकलं असंल." अब्बा लगेच म्हणाले, जसे ते या वाक्याची वाटच पाहत होते. "मीठ अडीच किलो सांगितलं मी सूनबाईले. वहीत अडीचच हाय. पण मी तवा दहा वर्षाचा होतो, आपा. दाराच्या मागं होतो. अब्बा साडेतीन म्हनले असतीन अन मी अडीच ऐकलं असंल, तं? तिनं तं बिचारीनं लगेच लावलं मीठ. मी इचारलं होतं तिले. बरोबर लावलं, लगेच लावलं. मंग मापच चुकलं ना?"

फरहा जमिनीकडं पाहत राहिली.

आपांनी एकदा भावाकडं पाहिलं. मग फरहाकडं. त्यांचे डोळे बारीक होते, कडेला पाणी साचलेले, पण त्या डोळ्यांना दिसायचं ते दिसलं, हे फरहाला कळलं.

"बकऱ्याचं चामडं मानेपाशी पातळ होतं," आपा म्हणाल्या. "होते असं. चला, उठा. सेवादास अजून दूध आनते ना? त्याले म्हना, आंबट ताक पाह्यजे. तीन दिवसाचं, चांगलं आंबट. अन हसनैन, तू जेव अन दुकानात जाय. तुह्यी मखमल तिथंच राहू दे."

*

संध्याकाळपर्यंत कातडं मोठ्या प्लास्टिकच्या टबात ताक-मिठात बुडालं. आंबटानं केसांची मुळं धरतात, आपा सांगत होत्या, आणि टिनावर भाजलेलं अंग जरा सुटतं. अनम सगळं मोबाइलमध्ये रेकॉर्ड करत होती. "आपादादी, परत सांगा, मीठ किती?" "चाखून पाह्य," आपा म्हणाल्या. "समुद्रासारखं." "आपन कुठं समुद्र पाह्यला?" "मंग रडली तवाचं आठव."

अब्बा हे ऐकून बाजेवर बसल्या जागी हळूच वही काढून काहीतरी लिहू लागले. 'रडण्याइतकं मीठ' असं लिहिलं की काय, असं वाटून अनमनं डोकावलं तर त्यांनी पान हातानं झाकलं.

स्वयंपाकघरात फरहा बाभळीची साल उकळत होती. पातळ, चहासारखी. आपा आत आल्या आणि पाटावर टेकल्या. दार ओढून घेतलं.

"किती वाजता?"

फरहानं झारा पातेल्याच्या कडेला टेकवला. तिनं काहीच न समजल्यासारखं करावं असा विचार केला आणि मग केला नाही.

"असरची अजान झालती," ती म्हणाली. "सकाळी अकराले कातडं उतरवलं. अब्बानं मिठाची पिशवी माह्या हातात देली, म्हनले बेटा, आत्ताच्या आत्ता. मी कातडं घमेल्यात टाकलं. तितक्यात दारात लोकं आले. गोश्ताचे हिस्से मांगाले. मंग नातेवाइकांचे डबे. मंग हसनैनचे दोस्त जेवाले. घमेलं मोरीपाशी उन्हात तसंच राह्यलं, घडी घालून. पाच वाजता आठवलं, आपा. हात घातला तं आतून गरम होतं. जित्यासारखं गरम."

"अन शफीकले?"

"ते इचाराले आले तवा पाव्हने बसेल होते. अब्बा त्यायले सांगून राह्यले होते का आमच्या बहूले सांगितलं का काम झालंच समजा. मले म्हने, लावलं ना बेटा मीठ? मी म्हटलं, लगेच लावलं."

तिला रडू आलं नाही. ते नऊ दिवस आतल्या आत येऊन संपलं होतं. ती नुसती साल ढवळत राहिली.

"रोज ते वही उघडतात, आपा. रोज. अडीच का साडेतीन, अडीच का साडेतीन. दूध बी घेत नाईत."

आपांनी पाय लांब केले, गुडघे चोळले. "माह्या मुसल्ल्याले ठिगळ हाय, पाह्यलं तुवा?"

फरहानं पाहिलं होतं. डाव्या अंगाला काळ्या कातड्याचं ठिगळ, सुबक टाक्यांचं. तिला वाटायचं ती नक्षी आहे.

"माह्या निकाहच्या वक्ताचं. तुह्या आजेसासऱ्यानं कातडं मले राखाले देलं, म्हने सावली सरकली का बाज सरकवजो. मी सोळाची होती. गल्लीत बांगडीवाली आली. मी गेली. एक तास बांगड्या पाह्यल्या, अन घेतल्या एकच डझन. वापस आली तं ऊन डाव्या बाजूले येऊन बसेल. तिथं चामडं फाटलं. माह्या अब्बानं इचारलं तं मी म्हटलं, कावळ्यानं चोच मारली."

"मंग?"

"मंग काय. त्यानं ठिगळ लावलं. अन जितका जगला तितका कावळ्याले शिव्या देल्या. अंगनात कावळा आला का गोटा उचले." आपा हसल्या. "बासष्ट वर्षं झाले. मी त्याच्यावर पाच वेळा नमाज पढते अन रोज ते ठिगळ दिसते. सांगते सांगते म्हनता म्हनता तो गेला."

पातेल्यातून फेस वर आला. फरहानं गॅस बारीक केला.

"मी नाई सांगनार शफीकले," आपा उठत म्हणाल्या. "पातळ चामडं म्हटलं ना मी, पातळच. पुढचं तुह्यं तू पाह्य."

*

पुढचे दिवस घरात कातड्याचेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपांनी ते फळीवर टाकून आतल्या बाजूनं रापी चालवली. वरचा करपलेला थर निघाला की आत काढ्याला वाट मिळते. त्यांचा उजवा खांदा दुखायचा, म्हणून थोड्या वेळानं त्यांनी रापी फरहाच्या हातात दिली आणि तिच्या मनगटावर आपला हात ठेवला. "खुपसू नको. दुधाची साय काढते तशी." मग पातळ काढा, त्याच्या पुढच्या दिवशी जरा दाट, मग अजून दाट. बुधवारी आपांनी पुन्हा कडेची पट्टी कापली. तपकिरी, आरपार. पांढरी रेघ गेली होती. अब्बांनी ती पट्टी चष्मा वर करून इतका वेळ पाहिली, की शेवटी आपा म्हणाल्या, "आता तिले वहीत चिटकवतं का?" आणि त्यांनी खरंच चिकटवली.

हसनैनही हळूहळू फिरला. कातडं चोळायला तिळाचं तेल आणि अंड्यांचे पिवळे बलक लागले, डझनभर. उरलेल्या पांढऱ्याचं आम्लेट त्याच्या पानात आलं. "हे काय, बिमाराचं खानं?" असं तो ओरडला, पण दुपारी दुकानातून येताना स्वतःच अजून सहा अंडी घेऊन आला आणि ओट्यावर ठेवली.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजेनंतर ओढायचं काम निघालं. कमावलेलं कातडं अर्धं ओलं असतानाच लाकडाच्या धारेवरून पुढं-मागं ओढत राहायचं, पार सुकेपर्यंत. थांबलं की ते पुन्हा लाकूड होतं. सावलीत, कडुनिंबाखाली, बाज एका कडेवर उभी केली. तिच्या वरच्या लाकडावर कातडं टाकलं. दोन माणसं लागत होती. आपांचा खांदा गेला होता, अनमच्या हातावर मेंदी होती, हसनैन दुकानात. एका टोकाला अब्बा बसले. दुसऱ्या टोकाला फरहा.

तेवीस वर्षांत ती सासऱ्यांच्या इतकी समोरासमोर कधी बसली नव्हती. त्यांनी ओढलं की ती पुढं झुकायची, तिनं ओढलं की ते. डोक्यावरची ओढणी घसरत होती आणि दोन्ही हात गुंतलेले. अब्बांनी नजर कातड्यावर ठेवली होती, तिला संकोच नको म्हणून. त्यांचे ओठ हलत होते. तिला वाटलं दुआ म्हणतायत. मग ऐकू आलं.

"अडीच का साडेतीन. अल्ला जाने."

"अब्बा," फरहा म्हणाली. "मीठ लगेच नव्हतं लावलं."

त्यांनी ओढलं. ती पुढं झुकली.

"असरनंतर लावलं. सहा घंटे घमेल्यात होतं, उन्हात. मी तुमाले खोटं सांगितलं."

अब्बांचे हात सुटले. फरहा जोरात मागं ओढत होती, ती धप्पकन पाठीमागं कलंडली, कातडं तिच्या मांडीवर. ओसरीवर आपा सुपारी कातरत होत्या. त्यांचा अडकित्ता थांबला, पण त्यांनी मान वर केली नाही.

"काहून?" अब्बांनी विचारलं. रागानं नाही. खरंच कळून घ्यायचं होतं त्यांना.

"दारातले लोकं सोडून उठता नाई आलं. अन मंग तुमी पाव्हन्यापाशी माही तारीफ करून राह्यले होते. मले शरम आली."

अब्बांनी रिकामे हात मांडीवर ठेवले. फरहाला वाटलं, आता ते उठतील, वही घेतील आणि खोलीत जाऊन बसतील. तिला त्यांचं रागावणं माहीत नव्हतं. त्यांचं गप्प बसणं मात्र चांगलंच माहीत होतं.

"म्हंजे," ते अखेर म्हणाले, "अडीच किलो बरोबर होतं?"

"बरोबर होतं, अब्बा. पुरून उरलं होतं."

"अन खडं मीठ? खडंच लावलं?"

"खडंच. तुमी देलं तेच."

त्यांनी चष्मा काढला, कुडत्याच्या टोकानं पुसला, परत घातला. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि फरहा घाबरून उठणार, तेवढ्यात तिला दिसलं की ते हसतायत. तोंडावर हात ठेवून, लहान मुलासारखे.

"ऐकलं का, आपा? अडीचच होतं! मले वाटून राह्यलं होतं का साठ-पासष्ट वर्षं मी अब्बाचा शब्द चुकीचा सांभाळून ठेवला. दाराच्या मागून ऐकलं, पण बरोबर ऐकलं मी!"

"व्हय, ऐकलं," आपा ओसरीवरून म्हणाल्या. "आता साऱ्या कारंज्याले ऐकू गेलं."

"अब्बा, मले माफ—"

"ते मंग." त्यांनी कातड्याचं टोक घाईघाईनं परत उचललं. "आधी ओढ. सुकून राह्यलं हे. सुकलं तं तुह्यी बी खैर नाई अन माही बी नाई."

त्यांनी ओढलं. तिनं ओढलं. थोड्या वेळानं तिची ओढणी पार खांद्यावर आली, आणि कोणाच्याच ते लक्षात राहिलं नाही. अजानीपर्यंत ते कातडं धुतलेल्या सुती चादरीसारखं दोघांच्या हातात लोंबू लागलं. आपांनी येऊन कोपरा दुमडला. आवाज झाला नाही. मग त्या भावाशेजारी खाली बसल्या आणि, कोणी काही विचारलेलं नसताना, म्हणाल्या, "शफीक, तो कावळा नव्हता रे."

"कोनता कावळा?"

"सांगते. चहा घेऊ दे आधी."

*

शनिवारी सामान बांधताना अनमनं मुसल्ला खोलीत अंथरला. केसांची बाजू वर, मानेची बाजू पश्चिमेला. तपकिरी-पांढरे ठिपके, आणि वरच्या अंगाला, जिथं कपाळ टेकतं तिथंच जवळजवळ, ते तळहाताएवढं टक्कल. जवळजवळच, जरासं उजवीकडं.

"ये बाप्पा," ती म्हणाली, "नवाच मुसल्ला अन आधीच कोनी तरी घासून ठेवला."

फरहानं उशीच्या अभ्र्याची घडी घातली, परत उलगडली. "ते माह्यं हाय," ती म्हणाली. "ईदेच्या दिवशी मीठ लावाले उशीर केला मी. तिथले केस गेले."

अनमनं आईकडं पाहिलं. मग खाली बसून त्या जागेवर तळवा ठेवला. मेंदीचा हात, गडद रंगलेला.

असरची अजान झाली. तिनं डोक्यावर ओढणी घेतली आणि तिथंच नमाजेला उभी राहिली. फरहा दाराशी थांबली. तिला काम होतं, खूप होतं, पण ती थांबली. अनम सजद्यात गेली तेव्हा तिनं कपाळ आधी मधोमध टेकवलं, मग किंचित उजवीकडं सरकवलं.

नमाज झाल्यावर ती मुसल्ला गुंडाळत म्हणाली, "अम्मी, तिथं कपाळाले थंड लागते. बाकी ठिकानी केस टोचतात."

"खरं का?"

"खरंच. माह्या पोरीच्या वक्ताले बी तूच लावजो मीठ."

"नाई माय," फरहा म्हणाली. "तिच्या वक्ताले लगेच लावीन."